शिवराई, कंपनीचा पैसा आणि इंदापूरचा वसूल

महसुलाच्या इतिहासात इंदापूर तालुक्याचे नाव जितक्या आग्रहाने येते, तितक्या आग्रहाने दख्खनच्या दुसऱ्या एखाद्या कमी पावसाच्या तालुक्याचे क्वचितच येत असेल. पेशवाई बुडाल्यानंतर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा हिशेब मांडून जो आकार बसवला तो कुळांना इतका जड गेला, की शेते पडीक टाकून लोक शेजारच्या संस्थानी मुलखाची वाट धरू लागले. आणि ती घडी पुरती विस्कटल्यावर १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी याच तालुक्यात नवी पैमाश आरंभिली, पुढल्या वर्षापासून ३० वर्षांच्या मुदतीने हलका सारा ठरवून दिला, व हीच रीत पुढे साऱ्या मुंबई इलाख्यास लागू झाली. एवढे वृत्त अभ्यासकांस ठाऊक असते. परंतु त्याच १८३५ साली सरकारने १७ व्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकच नाणे मुक्रर केले, आणि त्यामुळे ज्या कुळाच्या शेताला नवा आकार लागत होता त्याच कुळाच्या कमरेच्या कशातले चलनही बदलू लागले, याकडे मात्र लक्ष दिले गेलेले नाही. जमिनीच्या दप्तराचा इतिहास लिहिला गेला. कशातल्या तांब्याचा राहून गेला.

या तांब्यात मुख्य नाणे शिवराईचे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही दोन नाणी स्वराज्यात सुरू झाली. पैकी होन आज इतका दुर्मीळ आहे की बहुतेकांनी तो चित्रातच पाहिलेला असतो, पण शिवराई पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ पाडली जात राहिली. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र पति', आणि भोवती बारीक ठिपक्यांचे कडे, एवढाच तिचा मजकूर. शहाजीराजांच्या मोकाशात पुणे आणि सुपे यांच्याबरोबर इंदापूरही होते, आणि मालोजीराजे इंदापूरच्याच लढाईत कामास आले असे परंपरा सांगते. तेव्हा ज्या छत्रपतींचे नाव या पैशावर आहे त्यांच्या घराण्याशी या मातीचा संबंध नाणे निघण्याच्या दोन पिढ्या आधीपासूनचा आहे.

बारामतीची गोष्ट थोडी निराळी. बाबूजी नाईक जोशी हे पेशव्यांचे सोयरे आणि खुद्द पेशव्यांस कर्ज देणारे सावकार; कऱ्हेकाठी त्यांचा वाडा, आणि त्यांच्याच आश्रयाने मोरोपंतांनी आपले प्रचंड काव्य याच कसब्यात बसून रचिले. अशा पेढीवर व्यवहार चाले तो रुपयांचा आणि हुंड्यांचा. तेथे अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, त्यांचा परस्परांतील बट्टा, या गोष्टींस महत्त्व. बाजारात भाजी घेणारी बाई, वेठीला आलेला महार, मोटेवरचा गडी यांच्या हाती रुपया वर्षातून किती वेळा येत असेल याचा विचार केला म्हणजे सामान्य माणसाचे खरे नाणे तांब्याचेच होते हे उमजते. रुपयास किती शिवराया मिळाव्यात हे तांब्याच्या भावावर आणि बरेचसे सराफाच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि त्या मर्जीचा तोटा शेवटी खुर्दा बाळगणाऱ्यानेच सोसावा लागे.

शिवराई एका ठिकाणी, एका देखरेखीखाली पडत नसे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात नागोठणे आणि रेवदंडा येथे तांब्याचे पैसे पाडण्याच्या सनदा खासगी माणसांस दिलेल्या आढळतात, त्यांत पैशाचे वजन १० मासे असावे असे बंधन घातलेले आहे. चिंचवडासारख्या ठिकाणीही टांकसाळ होती. सनद घेणारा नजर भरी, सोनार ठसा कोरी, तांब्याची चकती ऐरणीवर ठेवून घणाचा घाव बसे. ठसा कोरणारा हात प्रत्येक ठिकाणी वेगळा, त्याचे अक्षर वेगळे, आणि शुद्धलेखनही ज्याचे त्याचे: कोठे 'शिव', कोठे 'सिव', कोठे 'सीव', कोठे 'पति', कोठे 'पती'. पुढल्या शिवरायांवर सूर्य, चंद्र, त्रिशूळ अशी चिन्हे येऊ लागतात, आणि अगदी उत्तरकाळात 'छत्र' आणि 'पती' या दोन ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई येते.

या विविधतेचा पहिला नेटका अभ्यास करणारे गृहस्थ अमेरिकन मिशनरी होते. रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शिवराई अजून बाजारातून पुरती उठलेली नसताना, सुमारे २५,००० शिवराया नजरेखालून घातल्या आणि अक्षरांच्या भेदांची यादी करून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाच्या विसाव्या खंडात प्रसिद्ध केली. पुढे याच ॲबटांनी आपले उत्तरायुष्य महाराष्ट्रातील संतकवींचे इंग्रजीत भाषांतर करण्यात वेचले. मला त्यांच्या या दोन कामांत एकच वृत्ती दिसते: जी वस्तू लोकांच्या नित्य वापरात आहे, म्हणूनच कोणी तिच्याकडे निरखून पाहत नाही, तिच्यापाशी थांबण्याची. त्यांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि योगायोग असा, की त्याच विसाव्या खंडात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा मराठ्यांच्या राज्यातील चलन आणि टांकसाळी यांवरचा, १८९९ साली वाचलेला निबंधही आहे. सनदांचा जो मजकूर वर दिला तो त्या विवेचनातूनच आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

रानड्यांनी हा विषय केवळ विद्वत्तेच्या हौसेने हाती घेतला असेल असे मला वाटत नाही. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, तो वणवा भीमथडी, शिरूर, इंदापूर आणि नगरकडे पसरला, आणि त्याचा परिणाम म्हणून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस सवलती देणारा कायदा झाला. त्या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून रानड्यांनी काही वर्षे, तो कायदा लागू असलेल्या चार जिल्ह्यांतील कर्जांचे दावे तपासले. ठरलेला सारा ठरलेल्या दिवशी ठरलेल्या नाण्यातच भरावयाचा, आणि पीक मात्र पावसाच्या मर्जीवर. या दोहोंच्या मधल्या पोकळीत सावकार शिरला, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्या अनुभवाच्या माणसाने नाण्यांचा इतिहास लिहिला म्हणजे त्यात टांकसाळीच्या धगीबरोबर कुळाच्या घराची कळाही येते.

आता इंग्रजांच्या पेनीकडे वळू, कारण नाण्यांचे भेद हुडकण्याची कला तिच्यावर जितकी पोसली गेली तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या नाण्यावर पोसली गेली असेल. १९७१ च्या १५ फेब्रुवारीस इंग्लंडात दशमान चलन आले आणि त्याच वर्षीच्या ३१ ऑगस्टला जुनी पेनी चलनातून बाद झाली. पण त्याआधीच्या वर्षांत हजारो लोक सुट्या पैशांच्या पिशव्या उपसून १८६९ ची पेनी, १९३३ ची पेनी शोधीत होते. १९३३ ची पेनी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाडली गेली होती. पण खऱ्या अभ्यासकाचे सुख याहून सूक्ष्म गोष्टींत असते. १८६० साली तांब्याऐवजी काशाची पेनी आली तेव्हा कडेस मण्यांची माळ होती; मग त्याजागी दाते आले; आणि या दोन्हींची सरमिसळ झालेली नाणीही आढळतात. १९१२, १९१८ आणि १९१९ सालच्या काही पेनींवर वर्षाच्या डावीकडे एक बारीक 'एच' दिसतो, तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. १९१८ आणि १९१९ च्या काहींवर 'केएन', तो किंग्ज नॉर्टनचा. १९७० साली मायकेल फ्रीमन यांनी या सर्व काशाच्या नाण्यांचे ठसे क्रमांक देऊन ग्रंथबद्ध केले, आणि आज तो क्रमांक सांगितला की लंडनमधला संग्राहक कोणत्या ठशाची पेनी ते ओळखतो. ज्या राष्ट्राने आपल्या सामान्यांतील सामान्य पैशाचाही इतक्या निष्ठेने हिशेब ठेवला त्याच्याकडून एवढे शिकण्यात कमीपणा नाही.

या पेनीचा आणि आपल्या मुलखाचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे मॅथ्यू बोल्टन यांनी वाफेच्या यंत्रावर नाणी पाडण्याचा कारखाना उभारला. १७९७ साली इंग्लंडसाठी तेथे पाडलेली पहिली तांब्याची पेनी पुरती एक औंस वजनाची, जाड काठाची, प्रसिद्ध आहे. परंतु तिच्या सहा वर्षे आधी, १७९१ साली, याच कारखान्यातून मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडून बोटीने आले होते. त्यांच्या एका बाजूस कंपनीचे बोधचिन्ह आणि दुसऱ्या बाजूस तराजू, त्याच्या दोन पारड्यांमध्ये फारसी लिपीत न्यायाचा निर्देश करणारा 'अदल' हा शब्द. त्याच सोहोच्या कारखान्यातील चार यंत्रे १८५० साली लिलावात हीटन यांनी घेतली, आणि त्यांच्याच टांकसाळीचा तो 'एच' पुढे पेनीवर आला. तराजूचा पैसा मुंबईत पुढे १८३० च्या दशकाच्या आरंभापर्यंत पडत राहिला. घाटावर कंपनीचा अंमल बसल्यावर तोही येथल्या बाजारात शिवराईच्या सोबतीस आला असला पाहिजे.

मग १८३५ नंतरचा पाव आणा: ट्रॉयचे १०० ग्रेन वजन, एका बाजूस कंपनीची सिंहांची निशाणी, दुसऱ्या बाजूस पानांच्या माळेत किंमत, रुपयास ६४ पैसे आणि एका आण्यास १२ पै, जसे एका शिलिंगास १२ पेनी. शिवराईचा दर सराफ ठरवी. याचा दर कायद्याने ठरला. १९०६ च्या कायद्याने तांब्याचा पैसा जाऊन काशाचा, ७५ ग्रेनचा पैसा आला, म्हणजे इंग्लंडात पेनी काशाची झाल्यानंतर ४६ वर्षांनी. भेद शोधणाऱ्यास येथेही उणे नाही. मुंबईच्या टांकसाळीत १८६२ साल कोरलेला राणीछाप रुपया १८७४ पर्यंत त्याच सालाने पडत होता आणि खरे वर्ष ओळखू यावे म्हणून ठशात ठिपके घातले जात. भिंगाशिवाय ते ठिपके मोजता येत नाहीत, आणि ते मोजण्यात ज्यास आनंद वाटत नाही त्याने हा छंद धरू नये. मेजर प्रिडमोर यांचे कंपनी व राणीच्या हिंदी नाण्यांवरचे दोन खंड १९७५ आणि १९८० साली निघाले, ते आजही प्रमाण आहेत. आणि एक गोष्ट पुष्कळांस नवी वाटेल: दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाला नाण्यांची टंचाई भासली तेव्हा १९४२ आणि १९४३ साली तिची काशाची पेनी मुंबईत पाडली गेली, राजाच्या मुखवट्याखाली इंडियाचे आद्याक्षर 'आय' कोरलेली ती पेनी आज ऑस्ट्रेलियातील संग्राहक आवर्जून जवळ ठेवतात.

शिवराईसाठी एवढी जागरूकता आपण दाखविली आहे काय? महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरील ग्रंथ १९८९ साली आला, नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संस्था उभी राहिली. हे काम थोर आहे. पण कोणत्या अक्षराची शिवराई कोणत्या टांकसाळीची, या प्रश्नाचे उत्तर टेबलावर बसून मिळणारे नाही. ते मिळेल ती कोणत्या गावी, कोणत्या शेतात, कोणत्या नाण्यांच्या सोबतीने सापडली याची नोंद झाली तरच. आणि नेमकी हीच नोंद हरवते. नांगराच्या तासात निघालेली शिवराई तालुक्याच्या गावी सराफाकडे जाते, तेथून पुण्यास, आणि पुण्यात तिची ओळख 'जुनी शिवराई' एवढीच उरते. ज्यांना गाव विचारावे त्यांच्या मनात १८७८ च्या निधिनिखात कायद्याची धास्ती असते. १० रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी असा तो कायदा, आणि ती धास्ती टाळण्यासाठी पुष्कळ तांबे मुकाट्याने तांबटाच्या मुशीत गेले असावे.

घरात जे उरते त्याचा नाश दुसऱ्या मार्गाने होतो. देवघरातील शिवराई सणाला चिंचेने घासून लख्ख केली जाते. भक्ती निर्मळ असते, त्यात शंका नाही. पण दोनशे वर्षांत तांब्यावर बसलेली काळसर-हिरवी साय चिंचेच्या आंबटाने निघते आणि तिच्याबरोबर ठिपक्यांच्या कड्याची धार आणि अक्षरांच्या वेलांट्याही झिजतात. 'शिव' आणि 'सिव' यांतला फरक एका रेषेचा. ती रेष घासली गेली की त्या नाण्याने आपल्या सोनाराबद्दल जे सांगावयाचे ते कायमचे गप्प झाले. कोरड्या, मऊ कापडाने धूळ पुसणे पुरे.

हल्ली गडांवर आणि तीर्थक्षेत्री प्रतिकृती म्हणून विकल्या जाणाऱ्या शिवराया पाहिल्या तर त्यांत एक गोष्ट लगेच लक्षात येते. त्यांच्यावर 'श्री राजा शिव' ही अक्षरे संपूर्ण, मधोमध, भोवती ठिपक्यांचे कडे अखंड. खऱ्या शिवराईवर ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे 'श्री'चा वरचा भाग किंवा 'शिव'चा खालचा भाग बहुधा कडेबाहेर गेलेला असतो. घाव तिरका बसला तर एका बाजूस अक्षर खोल आणि दुसऱ्या बाजूस पुसट उमटते. ओतीव नकलेत काठावर जोडाची रेष आणि पृष्ठावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात; घणाने पाडलेल्या तांब्यावर ते नसतात, तेथे काठाला बारीक चिरा असतात, आणि त्या चिरा चकती घणाखाली पसरताना पडलेल्या असतात.