मेंदूच्या दारावरचा पहारा

मेंदूज्वराची शंका आली की डॉक्टर पाठीतलं पाणी काढायला सांगतात आणि घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. नुसतं रक्त तपासून का भागत नाही, असं गटाच्या बैठकीत बायका हमखास विचारतात. त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही 1885 सालच्या जर्मनीत जाऊन पोचलो.

तिथे पॉल एर्लिख हे संशोधक जनावरांच्या रक्तात रंग टोचत होते. सगळं अंग रंगायचं, मेंदू आणि मज्जारज्जू मात्र तसेच राहायचे. मेंदूला रंग धरतच नसेल, असं त्यांना वाटलं. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी 1913 मध्ये उलटं करून पाहिलं. रंग रक्तात न टोचता मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं अंग कोरं राहिलं! म्हणजे मेंदूला रंग चढतो, पण रक्त आणि मेंदू यांच्या मध्ये कोणीतरी अडवतं.

या अडवणाऱ्याचा पिच्छा एका बाईने पुरवला, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायलाच हवं. लीना श्टेर्न यांचा जन्म 1878 चा. जिनिव्हा विद्यापीठातल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी सहकाऱ्यासोबत या अडसराचं जे नाव वापरलं, ते शास्त्रात रुळलं. आपण त्याला रक्त-मेंदू अडसर म्हणू. 1925 मध्ये त्या मॉस्कोला गेल्या आणि 1939 मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. क्षयाच्या मेंदूज्वरात औषध रक्तातून मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून स्ट्रेप्टोमायसिन थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात देण्याचा मार्ग त्यांनी धरला. आणि या बाईला 1949 मध्ये, सत्तरीत, अटक झाली. ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या खटल्यात 1952 मध्ये तेरा जणांना गोळ्या घातल्या. लीनाबाई तेवढ्या वाचल्या. हद्दपारी भोगून, स्टालिन गेल्यावर, त्या परत आल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

अडसर नेमका कुठे आहे, हे 1967 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं. मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. दुसरीकडे या पेशींमध्ये फटी असतात, इथे मात्र त्या बारीक टाक्यांच्या गोधडीसारख्या घट्ट जोडलेल्या असतात. प्राणवायू सहज आत जातो, साखरेला वेगळी वाट आहे, पुष्कळशी औषधं मात्र बाहेरच राहतात.

मग हे अस्तर इतकं घट्ट होतं कसं? 1981 मध्ये लावा पक्ष्याच्या मेंदूचा तुकडा कोंबडीच्या पिल्लाच्या पोटात बसवला. त्यात शिरलेल्या पोटाच्या रक्तवाहिन्याही घट्ट झाल्या. म्हणजे हे वळण मेंदूच लावतो. सासरी गेलेल्या मुलीला घर वळण लावतं म्हणतात, तसंच काहीसं. (यावर आमच्या गटात बरीच हसाहशी झाली.)

माणसात ही घडण आईच्या पोटातच सुरू होते. पोटुशी बाईच्या बाळाचा मेंदू उघडून कोण पाहणार? आणि उंदरावरून माणसाचं सगळं कळत नाही. तिथे मूळपेशी कामाला आल्या, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते अशा पेशी. जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींना पुन्हा तशा मूळपेशी बनवून दाखवलं. 2012 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी मूळपेशींपासून हे अस्तर बशीत वाढवलं. विजेला हा थर किती अडवतो ते मोजलं की टाके किती घट्ट आहेत ते कळतं.

पण 2021 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हरकत घेतली. या पेशी घट्ट आहेत खऱ्या, पण त्यांची जनुकं रक्तवाहिनीची कमी आणि त्वचा-आतड्याच्या वरच्या थरासारखी जास्त दिसतात, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ही हरकत फार मोलाची वाटते. बशीतल्या पेशी बघून उद्या औषध ठरणार असेल, तर ती पेशी खरी कोण आहे, हे आधी कळायलाच हवं. आता रक्तवाहिनीची पेशी आधी पक्की घडवायची आणि मग तिला मेंदूकडून मिळतात तसे संकेत द्यायचे, असे प्रयत्न चालू आहेत.