‘सगळं नॉर्मल आहे!’

मिनेसोटातला जानेवारी इथल्या वाचकांना समजावून सांगायला नको. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी ईडन प्रेरीतल्या आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना सौ.च्या छातीत कळ आली. अँजिओग्राम झाला. “रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत, सगळं नॉर्मल आहे,” म्हणून घरी पाठवलं. कळ मात्र येतच राहिली. पुढेपुढे ती माझ्यापासूनही लपवू लागली, कारण खरं सांगायचं तर मीसुद्धा “टेन्शन घेऊ नकोस” एवढंच म्हणत होतो. ती टोचणी लागली म्हणून हा इतिहास वाचायला घेतला.

या दुखण्याचं ‘अंजायना’ हे नाव लंडनच्या डॉ. विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली रूढ केलं. त्यांनी पाहिलेल्या शंभरेक रुग्णांत बायका फक्त तीन! (तिघींनाच दुखत होतं, की तिघीच डॉक्टरांपर्यंत पोचल्या?) हा पन्नाशीतल्या पुरुषांचा आजार, ही समजूत तिथूनच रुजली असावी.

१९५८ मध्ये क्लीव्हलँडला डॉ. मेसन सोन्स यांचा कॅथेटर चुकून थेट हृदयाच्या धमनीत शिरला आणि रंगद्रव्य तिथे गेलं. रुग्णाचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी त्याला खोकायला लावलं आणि ते पुन्हा सुरू झालं! या अपघातातून आजचा अँजिओग्राम आला. धमन्या दिसू लागल्या, तसं नवं कोडंही पडलं. दुखणं खरं, ईसीजीत बदल, पण धमन्या मोकळ्या. १९६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. लिकॉफ यांनी अशा स्त्रियांवर लिहिलं. १९७३ मध्ये डॉ. केम्प यांनी त्याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. हे ‘एक्स’ म्हणजे एका संशोधनातल्या गटाचं नुसतं अक्षर, दुसरं काही नाही.

गोम अशी की, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या अँजिओग्राममध्ये दिसतच नाहीत, आणि रक्ताचा पुरवठा कमीजास्त करतात त्या मुख्यतः याच. त्या सैल पडल्या नाहीत किंवा आवळल्या, की मोठी धमनी मोकळी असूनही हृदयाचा स्नायू उपाशी राहतो. १९८८ मध्ये याला ‘मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना’ हे नाव मिळालं. १९९६ पासून अमेरिकेत खास स्त्रियांवर ‘वाइज’ हा अभ्यास झाला. तरी छातीदुखीच्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत या आजाराला स्वतंत्र जागा मिळायला २०२१ उजाडलं.

रक्तप्रवाह मोजणारी तपासणी सौ.ची पुढे दुसरीकडे झाली आणि निदान लागलं. आता गोळ्या चालू आहेत. बर्फ मी काढतो, ती खिडकीतून चुका दाखवते.