बाराचं युनिट आठ रुपयांना

मागच्या भागात आपण युनिट ट्रस्टच्या जन्माची गोष्ट ऐकली. त्या भागानंतर अनेकांनी एकच विचारलं, की आमच्या आई-वडिलांच्या कपाटात 'मास्टर' नावाने सुरू होणारी जुनी सर्टिफिकेटं आहेत, ती युनिट ६४ पेक्षा वेगळी होती का? वेगळी होती, आणि बरीच वेगळी. आज त्याच जातीबद्दल बोलू, म्हणजे क्लोज्ड-एंड फंडाबद्दल. मराठीत त्याला 'मुदतबंद योजना' म्हणता येईल, पण व्यवहारात तसं कोणी म्हणत नाही, म्हणून मीही म्हणणार नाही.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. माझं लहानपण दिल्लीत लक्ष्मीबाई नगरमध्ये गेलं. नाव झाशीच्या राणीचं, म्हणजे माहेरच्या तांब्यांच्या मनूचं, आणि वस्ती केंद्र सरकारच्या नोकरदारांची. एका बाजूला आयएनए मार्केट, दुसऱ्या बाजूला सरोजिनी नगर. जिन्यात तमिळ, बंगाली, पंजाबी, गढवाली आणि मधूनच एखादं मराठी बिऱ्हाड. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. सरकारी क्वार्टरची एक गंमत असते. तीस वर्षं तुम्ही त्यात राहता, भिंतीला खिळे ठोकता, कुंड्या लावता, आणि निवृत्त झालात की थोड्याच महिन्यांत ते रिकामं करावं लागतं. त्यामुळे आमच्या कॉलनीत प्रत्येक घराला एक तारीख माहीत असे. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी गोष्ट, सरकारी नोकराला शेअर बाजारात हवं तसं खेळता येत नाही. १९६४च्या आचारनियमांतला सोळावा नियम सांगतो, की सट्टा करू नका, आणि वारंवार खरेदी-विक्री केली तर तो सट्टाच समजला जाईल. अधूनमधून गुंतवणूक केलेली चालते. बाबांसारख्या माणसाला या नियमाचा फार धाक. बाजारात पैसे तर घालायचे, पण रोज हात लावायचा नाही, असा मार्ग त्यांना हवा होता. १९८६ साली तो मार्ग चालून आला.

युनिट ट्रस्टचे तेव्हाचे अध्यक्ष मनोहर फेरवानी. त्यांच्या काळात 'मास्टरशेअर' निघाला. शेअरमध्ये पैसे घालणारा आपल्या देशातला हा पहिला मोठा सर्वसामान्यांचा फंड, आणि तो क्लोज्ड-एंड होता. म्हणजे काय? युनिट ६४ मध्ये तुम्ही कधीही ट्रस्टकडे जाऊन युनिटं परत देऊ शकत होता. मास्टरशेअरमध्ये ठरावीक दिवस अर्ज घेतले, पैसे गोळा झाले आणि दार बंद झालं. आता तुम्हाला पैसे हवे असतील, तर ट्रस्टकडे नाही जायचं. शेअर बाजारात जायचं, आणि तुमचं युनिट विकत घेणारा दुसरा कोणी माणूस शोधायचा. तो जो भाव देईल तो घ्यायचा.

ही कल्पना आपल्याकडे नवी असली तरी जगात जुनी आहे. १७७४ साली ॲम्स्टरडॅममध्ये अब्राहम व्हान केटविख नावाच्या दलालाने असा पहिला फंड काढला. नावाचा अर्थ 'एकीचं बळ'. दोन हजार भाग विकून झाले आणि खिडकी बंद, नंतर ज्याला हवा त्याने बाजारातून घ्यावा. त्याच १७७४ साली इकडे सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि पुण्यात बारभाईंचा कारभार चालू होता. अनेकांनी मिळून एक गाडा हाकायचा, हा प्रयोग दोन्हीकडे एकाच वर्षी चालू होता म्हणायचा. मग १८६८ साली लंडनमध्ये 'फॉरिन अँड कॉलोनियल' निघाला, तो आजही आहे. म्हणजे आपण आज ज्याला म्युच्युअल फंड म्हणून ओळखतो, त्या कुटुंबात हा मुदतबंद भाऊ थोरला आहे. 'कधीही या, कधीही जा' वाला फंड त्याच्या बऱ्याच नंतरचा.

आता मुख्य मुद्दा. फंडाकडे असलेल्या सगळ्या शेअर्सची आजची किंमत काढली, देणी वजा केली आणि युनिटांच्या संख्येने भागलं, की मिळते एनएव्ही. समजा ती बारा रुपये आहे. सरळ विचार केला तर बाजारात ते युनिट बारालाच विकलं जायला हवं. पण तसं होत नाही. कधी चौदाला विकलं जातं, जास्त वेळा नऊला किंवा आठला. हा जो खालचा फरक, त्याला म्हणतात डिस्काउंट. अर्थशास्त्रज्ञांनी यावर किती कागद काळे केले आहेत! नोबेल मिळालेले रिचर्ड थेलरही त्यांत आहेत. बेंजामिन ग्रॅहम यांचा सल्ला तर पार जुना, की असे फंड घ्यायचे तर डिस्काउंटमध्येच घ्या.

पण मला वाटतं, हे समजायला आपल्या लिलावाच्या भिशीइतकं चांगलं उदाहरण नाही. वीस जणांची भिशी आहे. ज्याला पैशांची घाई आहे तो म्हणतो, मला पूर्ण रक्कम नको, थोडे कमी द्या पण आज द्या. त्याने सोडलेले पैसे बाकीच्यांच्या पदरात पडतात. क्लोज्ड-एंड फंडात अगदी हेच होतं. फरक इतकाच, की भिशीत समोरचा माणूस ओळखीचा असतो आणि आपण काय सोडतोय हे आपल्याला तोंडपाठ असतं. बाजारात दोन्ही नसतं.

नव्वदच्या दशकात हे आपल्या लोकांना कळायला वेळ लागला, कारण सुरुवातीला उलटं घडलं. १९८७ पासून स्टेट बँक, कॅनरा बँक, मग एलआयसी असे एकेक फंड मैदानात आले. बाजार चढत होता. १९९२च्या एप्रिलमध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांना टेकला. हर्षद मेहता प्रकरण फुटलं तेही त्याच महिन्यात, आणि त्याच सुमाराला युनिट ट्रस्टची 'मास्टरगेन ९२' ही योजना लाखो लोकांकडून हजारो कोटी गोळा करत होती. अर्ज करणाऱ्यांना वाटत होतं, की दहाला मिळणारं युनिट बाजारात नोंदलं गेलं की वर जाणार. नव्या कंपनीच्या शेअरचं गणित त्यांनी फंडाला लावलं. पण फंडाकडे गुपित खजिना काही नसतो. तुम्ही दिलेले दहा रुपये असतात, आणि त्यातूनही खर्च वजा. त्या काळात योजना काढण्याचा खर्च म्हणून सहा टक्क्यांपर्यंत रक्कम फंडावर टाकता येत असे. म्हणजे दहातले नऊ रुपये चाळीस पैसे कामाला लागले. त्यावर बाजाराने वीस टक्के डिस्काउंट लावला, की हातात साडेसात. शेअर्स एका पैशानेही न पडता!

या वेडाचा कळस जानेवारी १९९४ मध्ये झाला. मॉर्गन स्टॅन्ले ग्रोथ फंड, पंधरा वर्षांची मुदत. अमेरिकेतलं बडं नाव पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या दारी आलं होतं. आधी आलेल्याला आधी मिळणार अशी समजूत पसरली. अर्जांसाठी रांगा लागल्या, फुकटचे अर्ज पैसे देऊन विकले गेले. लक्ष्य तीनशे कोटींचं होतं, जमले सुमारे ९८० कोटी, दहा लाखांहून जास्त लोकांकडून. कलकत्त्यातल्या एका अर्जदाराने ग्राहक मंचाकडे धाव घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे १९९४ मध्ये निकाल लागला, की ज्याला अजून युनिटं मिळालेलीच नाहीत, तो नुसता होऊ घातलेला गुंतवणूकदार 'ग्राहक' ठरत नाही. कंपनी कायदा शिकणारी मुलं हा निकाल आजही वाचतात. फंडाचं पुढे काय झालं? भाव दहाच्या खाली गेला आणि कित्येक वर्षं एनएव्हीपेक्षाही बराच खाली राहिला. २००९ साली मुदत संपली, फंड खुला झाला, तोवर थांबलेल्यांना एनएव्हीचा भाव मिळाला. पंधरा वर्षं थांबणारे किती असतील, याचा विचार तुम्हीच करा.

आता आमच्या घरी परत येतो. बाबांनी १९९२ मध्ये अशाच एका फंडाची दोन हजार युनिटं दहा रुपयांना घेतली होती. फंडाचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचंही नाही. मुदत सात वर्षं, म्हणजे १९९९. आणि बाबांची निवृत्ती १९९६. तेव्हा निवृत्तीचं वय अठ्ठावन्न होतं. अर्ज भरताना ही दोन सालं शेजारी शेजारी मांडून बघायचं ना त्यांना सुचलं, ना अर्ज भरून देणाऱ्या एजंटाला. क्वार्टर सोडायची तारीख जवळ आली आणि डीडीएच्या फ्लॅटचा हप्ता भरायचा होता. वर्तमानपत्रात एनएव्ही छापून येई, बारा रुपये. बाबा आनंदाने असफ अली रोडवर, दिल्ली स्टॉक एक्स्चेंजच्या परिसरात एका दलालाकडे गेले. त्याने भाव सांगितला आठ. बाबांनी खिशातलं कात्रण काढून दाखवलं. तो म्हणाला, ''साहेब, हा भाव छापतात, देत नाहीत.''

एकोणीसशे युनिटं विकली. एनएव्हीने बावीस हजार आठशे झाले असते, मिळाले पंधरा हजार दोनशे, वर दलाली गेली. सात हजार सहाशेचा फरक म्हणजे तेव्हाचा त्यांचा जवळजवळ महिन्याचा पगार.

मी मोठा झाल्यावर हे गणित दुसऱ्या बाजूने मांडून बघितलं. ज्याने ती युनिटं आठला घेतली, त्याच्यासमोर तीन वर्षं होती. समजा या काळात एनएव्ही तसूभरही हलली नाही. तरी मुदतीला त्याला बारा मिळणार, म्हणजे आठावर चार, वर्षाला साधारण साडेचौदा टक्के. बाबांचं नुकसान आणि त्याचा नफा एकाच कागदावर होता. फंड वाईट नव्हता, त्याने काही लपवलंही नव्हतं. फक्त एकाकडे वेळ होता आणि दुसऱ्याकडे क्वार्टर सोडायची तारीख.

अर्थात तो खरेदीदार हुशार होता असंही लगेच म्हणू नका. बाजार कोसळला असता तर बाराचे आठ व्हायला वेळ लागला नसता. डिस्काउंट म्हणजे थोडी उशी, खात्री नव्हे. शिवाय मुदतीची तारीख पक्की असेल तरच ही उशी कामाची. कित्येक योजनांच्या मुदती वाढवल्या गेल्या, काही खुल्या झाल्या. मास्टरशेअरच २००३ मध्ये खुला फंड झाला, तेव्हा त्याच्यापुरता डिस्काउंटचा विषय संपला.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण तीत गुंतवणूकदारापेक्षा विक्रेत्याचाच भाग मोठा आहे. २००६ मध्ये सेबीने खुल्या फंडांवर योजनेचा खर्च टाकायला बंदी केली, क्लोज्ड-एंडला मात्र मुभा ठेवली. लगेच क्लोज्ड-एंड फंडांचा पूर आला! जानेवारी २००८ मध्ये ती मुभा गेली, पूर ओसरला. २०१४च्या आसपास एजंटांना आगाऊ कमिशन भरपूर मिळतं म्हणून पुन्हा लाट आली, २०१८ मध्ये सेबीने आगाऊ कमिशन बंद केलं, लाट विरली. मी या तारखा पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहिल्या तेव्हा मला हसू आलं होतं. 'शिस्त लागते, दीर्घकाळ राहता' वगैरे जे सांगितलं जाई, ते कमिशनबरोबर येई आणि कमिशनबरोबरच जाई.

तरीही ही जात संपलेली नाही. न्यूयॉर्कच्या बाजारात 'इंडिया फंड' १९९४ पासून आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी त्याचा भाव आणि एनएव्ही एकदा शेजारी ठेवून पाहावी. आपल्याकडे एक कोटीपासून सुरू होणारे एआयएफ आहेत. त्यांतल्या पहिल्या दोन वर्गांना मुदतबंदच राहावं लागतं, किमान तीन वर्षं. निवृत्तीची मोठी रक्कम हातात आलेल्या लोकांकडे हल्ली हे कागद घेऊन माणसं येतात. साध्या म्युच्युअल फंडाची मुदतबंद योजना असेल तर ती बाजारात नोंदवणं २००८ पासून सक्तीचं आहे, पण नोंद असणं वेगळं आणि घेणारा असणं वेगळं. अनेक योजनांत दिवसेंदिवस एकही सौदा होत नाही. मला कोणी विचारलं तर मी आधी फंडाचं नाव विचारत नाही. तुम्हाला पैसे कोणत्या साली लागणार, ते विचारतो. नवीन निघताना दहाला घ्यायचं मी कोणालाच सुचवणार नाही.

बाबांच्या दोन हजारांतली एकोणीसशेच विकली असं मी म्हणालो. उरलेल्या शंभरांचं सर्टिफिकेट सही जुळत नाही म्हणून परत आलं होतं. बाबा वैतागले आणि त्यांनी ते ट्रंकेत टाकलं. १९९९ मध्ये मुदत संपली तेव्हा फंडाकडे पत्ता जुनाच होता. एका रविवारी आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये राहणारे गढवाली गृहस्थ बस बदलत बदलत आमच्या नव्या फ्लॅटवर तो लिफाफा घेऊन आले. आईने त्यांना पोहे दिले. बाबांनी ट्रंकेतून सर्टिफिकेट काढलं, चष्मा लावला आणि पत्रातला आकडा दोनदा वाचला. युनिटाला तेरा रुपये.