ठासणीची बंदूक: गोळीला चरबी लागायचीच कशाला?

१८५७ म्हटलं की शाळेतलं एक वाक्य हमखास आठवतं: काडतुसांना गायीची आणि डुकराची चरबी लावली होती. पण मुळात गोळीला चरबी लावायचीच कशाला? आज त्याचंच उत्तर बघू.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी, दोन्ही नळीच्या तोंडातून आत घालायची आणि गजाने ठासायची. नाव त्यावरूनच पडलं. आता प्रश्न असा, की गोळी सैल घ्यायची की घट्ट?

कंपनीच्या शिपायांकडे अनेक वर्षं ‘ब्राऊन बेस’ बंदूक होती. नळी आतून गुळगुळीत, व्यास साधारण १९ मिलिमीटर. गोळी मात्र साडेसतरा मिलिमीटरची. कारण काळी दारू जळली की नळीत काजळीचा थर बसतो आणि थोडे बार झाले की मापाची गोळी अडकते. सैल गोळी पटकन भरता यायची, पण ती नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडायची. शंभर यार्डांपलीकडे नेम लागला तर नशीब!

रायफलच्या नळीत आटे असतात. ते गोळीला फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. पण आट्यांनी पकडायला गोळी घट्ट हवी. नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रिटिश बेकर रायफलवाल्यांना तर सुरुवातीला गोळी आत ठोकायला लाकडी हातोडी दिली होती. नेम उत्तम, पण भरायला वेळ फार.

१८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनी याने यावर तोडगा काढला: शिशाची, टोकदार, बुडाशी पोकळ गोळी. आत जाताना सैल. बार उडाला की दाबाने तिचं बूड फुगतं आणि आट्यांत रुतून बसतं. याच तत्त्वावर १८५३ ची एनफिल्ड रायफल आली. नळी १४.६६ मिलिमीटर, गोळी सुमारे १४.४. फट पाव मिलिमीटरच्या आसपास! एवढ्याशा फटीत काजळी साचली तर गोळी आत जाणारच नाही. म्हणून वंगण हवंच.

काडतूस म्हणजे कागदाची पुंगळी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी, आणि गोळीकडची बाजू वंगणात बुडवलेली. दारूकडचं टोक दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, पुंगळी उलटी करून गोळी कागदासकट नळीच्या तोंडात बसवायची, उरलेला कागद काढून टाकायचा आणि गज मारायचा.

म्हणजे वंगण गरजेचं होतं, पण ते चरबीचंच हवं असं काही नव्हतं. मेण आणि तेलावरही भागलं असतं. चरबी कोणत्या जनावराची, याची खात्री मात्र कुणी करून घेतली नाही.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ डमडमला कुजबुज सुरू झाली. महिनाअखेरीस सरकारने सांगितलं, हवं ते वंगण तुम्हीच लावा. पुढे दाताऐवजी हाताने फाडायचीही मुभा दिली. पण तोवर शिपायांना कागदाची चकाकीसुद्धा संशयास्पद वाटू लागली होती. २४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ९० पैकी ८५ जणांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. ती तर जुन्याच पद्धतीची होती! ९ मे रोजी सगळ्यांसमोर त्यांना बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी उठाव झाला.

उठावाची कारणं अनेक होती: खालसा केलेली संस्थानं, जमिनी, पगार, अपमान. काडतूस ही फक्त ठिणगी. पण ‘शिपाई अंधश्रद्धाळू होते’ असं कुणी म्हणालं, तर हे लक्षात ठेवा. गोळी किती मिलिमीटरची हवी, याचा हिशोब अगदी काटेकोर झाला होता. ती ज्याच्या हातात द्यायची, त्याला मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

भेटू पुढच्या भागात!