मत्स्यविनोद : गळ, भाला आणि पाहणारा डोळा

'विनोद' हा शब्द आज मराठीत हसण्याशी इतका जखडला गेला आहे की 'मत्स्यविनोद' असे शीर्षक विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तर माशांवरचे चुटके ऐकायला मिळणार अशीच त्यांची समजूत होईल. संस्कृतात मात्र विनोद म्हणजे मन रमवणे, फावला वेळ आनंदात घालवणे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणी' या ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे एक प्रकरण आहे आणि त्याचा विषय आहे मासे धरण्याची क्रीडा. शंभर अध्यायांच्या आणि पाच विंशतींच्या या ग्रंथात राज्यप्राप्ती आहे, राज्यरक्षण आहे, खाणेपिणे आहे. हत्तीघोड्यांच्या क्रीडा, मल्लयुद्ध, श्येनपक्ष्यांची शिकार, गायन, नृत्य, कथा हे विनोदही आहेत. त्यांच्याच रांगेत गळ टाकून बसलेला राजा आहे.

मराठीच्या अभ्यासकाला 'मानसोल्लास' अपरिचित नाही. पण त्याची ओळख दोन गोष्टींपुरतीच असते. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी त्यात नोंद आहे. त्याचप्रमाणे गीतविनोदात दशावतारवर्णनाच्या ज्या रचना येतात त्यांत मराठी पदरचना आहे. वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या प्रकरणात या दोन गोष्टी येतात, प्रश्नपत्रिकेत त्यांवर टीप विचारली जाते आणि ग्रंथ मिटला जातो. उरलेल्या ग्रंथात काय आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात या उरलेल्या भागापैकी एका प्रकरणाकडे पाहायचे आहे. मासा धरण्याच्या साधनांचा इतिहास आणि ग्रंथ वाचण्याची आपली रीत या दोहोंमध्ये काही नाते आहे, असे मला वाटते.

सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सोलापूरहून पूर्वेला गेले की हे गाव लागते. भीमा आणि सीना या नद्यांचा हा सारा मुलूख त्या काळी चालुक्यांच्या सत्तेखाली होता. या दोन नद्यांच्या संगमावर, दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथे, शके ९४० चा म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी ओळ असलेला शिलालेख आहे. तो उजेडात आणण्याचे श्रेय सोलापूरचे आनंद कुंभार यांचे. थोडक्यात, राजसत्तेची भाषा कन्नड, शास्त्राची भाषा संस्कृत आणि दगडावर व गाण्यात डोकावणारी मराठी, अशा या प्रदेशात 'मत्स्यविनोद' लिहिला गेला.

या प्रकरणात सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांची नावे आहेत. समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम व लहान असे त्यांचे वर्ग पाडले आहेत. कोणता मासा कोठे राहतो, कोणाला पिठाचे गोळे रुचतात आणि कोणाला मांस, काठी आणि दोर कसा असावा, गळ कसा टाकावा, असा हा तपशील आहे. सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक आणि मत्स्यशास्त्रातील मोठे नाव. त्यांनी १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला. वाङ्मयेतिहासकारांनी बाजूला ठेवलेली पाने अशा रीतीने एका प्राणिशास्त्रज्ञाने उघडली, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी अशी आहे.

राजाने गळच का निवडला? मासा धरण्याची साधने अनेक आहेत. याचे सर्वांत काटेकोर वर्गीकरण बहुधा ग्रीकांनी केले. प्लेटोच्या 'सोफिस्ट' या संवादात व्याख्या कशी करावी हे शिकवण्यासाठी गळ टाकणाऱ्याचेच उदाहरण घेतले आहे. तेथे पाण्यातील शिकारीचे आधी दोन भाग पडतात : कोंडून धरणे आणि घाव घालून धरणे. घाव घालण्यातही पुन्हा दोन तऱ्हा. एक वरून खाली, म्हणजे त्रिशूळाने किंवा भाल्याने. दुसरी खालून वर, म्हणजे गळाने. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ओप्पियन या कवीने मासेमारीवर पाच सर्गांचे काव्य रचले. त्यातही गळ, जाळे, टोपल्यासारखा सापळा आणि त्रिशूळ अशी चार साधने आहेत. भूमध्य समुद्राचा किनारा खडकाळ, पाणी नितळ आणि भरती-ओहोटी फार थोडी. अशा समशीतोष्ण समुद्रात काठालगतचा मासा दिसतो, आणि जो दिसतो त्याच्यावरच भाला टाकता येतो.

'दिसणे' हाच येथे कळीचा मुद्दा आहे. गळ टाकणाऱ्याला मासा दिसत नाही. पाण्याखाली काय चालले आहे ते त्याला दोराच्या हिसक्यावरून ओळखावे लागते. जे डोळ्यांना दिसत नाही ते माहितीने भरून काढावे लागते, म्हणून गळवाल्याला माशाची आवड, त्याचे ठिकाण, त्याची भूक ठाऊक हवी. सोमेश्वराच्या यादीचे कारण मला यात दिसते. प्रत्येक जातीला वेगळे आमिष लागत असेल, तर आधी जाती वेगळ्या कराव्या लागतात. भाल्याला अशा यादीची गरज नसते. त्याला स्वच्छ पाणी, स्थिर हात आणि डोळा पुरतो.

पण डोळाही फसवतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. सरळ वरून पाहिले असता पाऊण मीटरवर भासणारा मासा प्रत्यक्षात एक मीटर खोल असतो. तिरके पाहिले तर चूक आणखी वाढते. म्हणून अनुभवी भालेकरी दिसणाऱ्या माशाच्या खाली नेम धरतो. आपल्या परंपरेत द्रौपदीस्वयंवराचा मत्स्यवेध प्रसिद्ध आहे. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत यंत्र आणि लक्ष्य यांचाच उल्लेख आहे. मासा आणि खालचे प्रतिबिंब ही नंतरच्या परंपरेची भर. मात्र ज्यांनी ही भर घातली त्यांना पाणी, मासा आणि फसवणारी नजर यांचे नाते चांगलेच उमगले असले पाहिजे.

ही फसगत टाळण्याचा एकच उपाय : डोळा पाण्याखाली न्यायचा. श्वासासाठी नळी वापरण्याची युक्ती जुनी आहे. 'प्राण्यांचे अवयव' या ग्रंथात ॲरिस्टॉटलने हत्तीच्या सोंडेची तुलना पाणबुडे वरची हवा घेण्यासाठी जे साधन वापरत त्याच्याशी केली आहे. डोळ्याचा प्रश्न मात्र काचेवाचून सुटणारा नव्हता. उघडा डोळा पाण्याला थेट भिडला की त्याची वाकवण्याची शक्ती बरीचशी नाहीशी होते आणि सारे धूसर दिसते. मध्ये हवेचा थर राहिला तरच चित्र स्पष्ट होते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर चष्मा आणि भाला घेऊन पाण्यात उतरण्याचा छंद फोफावला. गाय गिलपॅट्रिक या अमेरिकन लेखकाने १९३८ साली त्यावर पुस्तकच लिहिले. झाक-ईव्ह कुस्तोने १९३६ साली तुलाँजवळ असाच चष्मा लावून पहिल्यांदा पाण्याखाली पाहिले. १९४३ मध्ये एमिल गान्याँच्या साहाय्याने त्याने पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंचलित उपकरण तयार केले.

या दिसण्याची किंमत माशांनी मोजली. भूमध्य समुद्रात खडकांच्या कपारीत राहणारा, आपल्या हेकरूच्या कुळातला एक मोठा मासा आहे. तो सावकाश वाढतो, आपली कपार सहसा सोडत नाही, आणि मादी म्हणून जन्मलेल्या या माशाचा वय वाढल्यावर नर होतो. भाल्याची शिकार दिसणारी आणि म्हणून निवडणारी शिकार आहे. शिकारी सर्वांत मोठा मासा निवडतो, आणि सर्वांत मोठा म्हणजे नर. अखेर १९९३ साली फ्रान्सला आपल्या भूमध्य किनाऱ्यावर हा मासा भाल्याने मारण्यास बंदी घालावी लागली. तोच चष्मा आणि तीच नळी लावून आज मालवण-तारकर्लीला पर्यटक सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे मासे पाहतात. तेथील सागरी अभयारण्य १९८७ सालचे. दिसू लागलेला मासा मारायचा की पाहून सोडून द्यायचा, हा निर्णय साधन करीत नाही. तो माणसालाच करावा लागतो.

आता पुन्हा भाषेकडे येऊ. मराठीत कोणी 'गळाला लागतो', कोणी 'जाळ्यात सापडतो', कोणाला 'आमिष दाखवले' जाते. गळ आणि जाळे यांनी आपल्या वाक्प्रचारांत घर केले आहे. मासा मारणाऱ्या भाल्याला तसे घर मिळालेले नाही. नद्या पावसाळ्यात गढूळ, आणि नद्यांवर पोट असणारे बहुसंख्य लोक जाळे-गळाचे. त्यांच्या अनुभवाने हे शब्द घडवले. या लोकांनी ग्रंथ लिहिले नाहीत. ग्रंथ लिहिला राजाने, ज्याचे पोट माशावर अवलंबून नव्हते. परंतु कोणता मासा कोणत्या आमिषाला भुलतो हे ज्ञान राजवाड्यात जन्मत नाही. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या कल्याणीत समुद्रमाशांची नावे पोहोचली, तीही कोणाच्या तरी तोंडून. कांडण करणाऱ्या स्त्रियांची ओवी जशी ग्रंथात आली, तशीच ही माहिती आली. एकीचा विनोद झाला गीतविनोदात, दुसरीचा मत्स्यविनोदात. मुळात दोन्ही ठिकाणी श्रम होते.

मला वाटते, 'मानसोल्लास' शिकवताना आपण वाङ्मयाचे अभ्यासक भालेकऱ्यासारखे वागत आलो आहोत. पाण्यात जे सर्वांत मोठे आणि चकचकीत दिसले, म्हणजे 'आद्य मराठी', त्यावर नेम धरला आणि ते उचलून काठावर आणले. त्या ओळी ज्या पाण्यात होत्या ते पाणी मात्र तेथेच राहिले. शिवाय वरून पाहताना होणारी चूकही आपण दुरुस्त केली नाही. या ओळी एका संस्कृत ग्रंथात, कन्नड राजसत्तेच्या छायेत, अनेक भाषांतील गीतांच्या सोबतीने आल्या आहेत. आपल्याला मात्र त्या मराठी वाङ्मयाच्या उंबरठ्यावर एकट्याच उभ्या असलेल्या दिसतात. दशावतारवर्णनातील मराठी रचनेचा आरंभ मत्स्यावताराने होतो, रसातळातून वेद वर आणणाऱ्या माशाने. त्याच ग्रंथात माशांवर स्वतंत्र प्रकरण आहे, हे किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते?

१९८० साली भीमेवर उजनी धरण पूर्ण झाले. आज त्या जलाशयातील जाळ्यांत मूळची आफ्रिकेची चिलापी मोठ्या प्रमाणावर सापडते. कटला आणि रोहू हे उत्तरेकडच्या नद्यांचे मासे दख्खनच्या जलाशयांत मुद्दाम सोडले गेले. नदी बदलली की माशांची नावे बदलतात आणि जुनी नावे बोलणारे लोक गेले की ती नावेही जातात. अशा वेळी नऊशे वर्षांपूर्वीची माशांची यादी हा भाषेचाही दस्तऐवज ठरतो. सोलापूर, पंढरपूर, मंगळवेढा या भागातल्या एखाद्या विद्यार्थ्याने सोमेश्वराची यादी हातात घेऊन भीमाकाठच्या भोई आणि कोळी वस्त्यांत जावे, माशांची, जाळ्यांची, गळांची नावे विचारावीत आणि मराठी, कन्नड, तेलुगू अशी जशी मिळतील तशी टिपून घ्यावीत. गायकवाड ओरिएंटल मालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केलेली संहिता उपलब्ध आहे. तिचा पहिला खंड १९२५ सालीच प्रसिद्ध झाला. प्रबंधाला विषय मिळत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. हा विषय नदीकाठी वाट पाहत आहे.