पुरुषांच्या शिरोवेष्टनांचा संग्रह आणि इतिहासलेखन : राजूर (जि. यवतमाळ) परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पुरुषाच्या डोक्यावरील वस्त्राला वेशभूषेपलीकडचे स्थान राहिले आहे. 'पगडी उतरवणे', 'टोपी घालणे', 'पागोटे गमावणे' यांसारखे शब्दप्रयोग पाहिले तरी मान, अपमान, फसवणूक आणि प्रतिष्ठा या साऱ्या कल्पना शिरोवेष्टनाशी किती घट्ट जोडल्या गेल्या होत्या हे लक्षात येते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) पगडी, पागोटे, मुंडासे, रुमाल या शब्दांच्या स्वतंत्र नोंदी आहेत. एकाच अवयवासाठी इतके शब्द ज्या समाजाने घडवले, त्या समाजात त्या वस्तूंमधील भेद महत्त्वाचे मानले जात असणार हे उघड आहे.

आज मात्र या वस्तू घराघरांतून झपाट्याने नाहीशा होत आहेत. काही संग्रहालयांत पोहोचल्या, काही जुन्या बाजारात विकल्या गेल्या आणि बहुसंख्य वस्तू चिंध्या होऊन संपल्या. कोणत्या टोप्या जपल्या गेल्या, कोणत्या गेल्या नाहीत आणि त्यामुळे इतिहासाचे कोणते चित्र तयार झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

1. महाराष्ट्रातील शिरोवेष्टनांच्या संग्रहाचे स्वरूप पाहणे.
2. संग्रहातील असमतोलाची कारणे शोधणे.
3. राजूरसारख्या खाणगावात असा संग्रह कोणत्या तत्त्वांवर करता येईल याची दिशा सुचवणे.

पगडी टिकते, पागोटे विरते :

पगडी आणि पागोटे यांतील मूलभूत फरक रचनेचा आहे. पगडी ही कारागिराने एकदा बांधून, टाचून कायम आकार दिलेली वस्तू होय. ती डोक्यावर ठेवायची आणि काढून पेटीत ठेवायची. पागोटे, मुंडासे किंवा फेटा मात्र रोज बांधायचा आणि रोज सोडायचा. सोडल्यावर तो पुन्हा केवळ कापड होतो. तेच कापड पांघरायला, ओझे बांधायला, घाम पुसायला आणि शेवटी बाळाच्या दुपट्यासाठी उपयोगी पडते.

या साध्या भौतिक फरकाचे ऐतिहासिक परिणाम मोठे आहेत. पगडी वापरणारा वर्ग प्रामुख्याने दरबारी, व्यापारी, वकील आणि शिक्षित असा होता. त्याची पगडी वस्तू म्हणून मागे उरली. कुणबी, माळी, धनगर, मजूर यांचे मुंडासे मात्र वापरातच संपले. त्यामुळे संग्रहालयाच्या कपाटात पगड्यांची रांग दिसते आणि कष्टकऱ्याच्या डोक्याची जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा म्हणजे त्या वर्गाला इतिहास नव्हता याचा पुरावा नव्हे. त्याचे कापड दुसऱ्या कामाला लागले, एवढाच तिचा अर्थ आहे.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय या दृष्टीने उल्लेखनीय आहे. दिनकर गंगाधर केळकर (1896-1990) यांनी 1920 च्या सुमारास रोजच्या वापरातील वस्तू जमवण्यास प्रारंभ केला आणि 1960 पर्यंत सुमारे 15,000 वस्तू गोळा केल्या. अडकित्ते, दिवे, दौती यांसारख्या घरगुती वस्तूंना त्यांनी दिलेले महत्त्व हे राजेरजवाड्यांच्या इतिहासाबाहेर पडण्याचे मोठे पाऊल होते. तथापि, जी वस्तू घरात उरलेलीच नाही ती साक्षेपी संग्राहकालाही मिळत नाही, ही मर्यादा येथेही लागू होते.

पगडीचा वाद आणि वारसा :

पुणेरी पगडीस 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. जून 2018 मध्ये पुण्यातील एका राजकीय मेळाव्यात शरद पवार यांनी पुणेरी पगडीऐवजी महात्मा फुले यांच्या पागोट्याने सत्कार करण्याचा आग्रह धरला आणि राज्यभर चर्चा झाली. या दोन घटना एकत्र पाहिल्या असता असे दिसते की, शिरोवेष्टन आजही 'वारसा कोणाचा?' हा प्रश्न उपस्थित करते. एका वस्तूला कायद्याचे संरक्षण मिळाले, तर दुसरीला आपली ओळख जाहीर सभेतून मांडावी लागली. संग्राहकाने या वादात पक्षकार होण्याची गरज नाही, परंतु दोन्ही वस्तू समान काळजीने नोंदवणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

गांधी टोपी : स्वस्त म्हणून दुर्मिळ :

मे 1893 मध्ये डर्बनच्या न्यायालयात पगडी उतरवण्यास सांगितले असता मोहनदास गांधी न्यायालयातून बाहेर पडले. शिरोवेष्टनाच्या राजकारणाचा हा अनुभव असलेल्या गांधीजींनी असहकाराच्या काळात खादीची पांढरी टोपी प्रचारात आणली. पागोट्याच्या तुलनेत तिला अत्यल्प कापड लागे, ती घरी शिवता व धुता येई आणि घडी करून खिशात ठेवता येई. जातीनुसार व प्रांतानुसार बदलणाऱ्या पगड्यांच्या जागी सर्वांसाठी एकच आकार आला. सप्टेंबर 1921 मध्ये मदुराई येथे गांधीजींनी स्वतः पंचा स्वीकारून टोपीचा त्याग केला, परंतु टोपी देशभर राहिली.

यवतमाळ जिल्ह्याचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म 1880 मध्ये वणी येथे झाला. त्यांच्या नेतृत्वाखाली 10 जुलै 1930 रोजी पुसद येथे जंगल सत्याग्रहास प्रारंभ झाला. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात खादीची टोपी ही शेतातून निघून डोक्यावर परत आलेली वस्तू होती. असे असूनही त्या काळातील साध्या सत्याग्रहीची टोपी आज क्वचितच पाहावयास मिळते. ती स्वस्त होती, दर आठवड्याला धुतली जात होती आणि फाटली की नवी शिवली जात होती. जे सर्वांकडे होते ते कोणीच जपले नाही.

विदर्भाने शिरोवेष्टनाची आणखी दोन वेगळी उदाहरणे दिली. संत गाडगेबाबा (1876-1956) यांनी जेवणाचे मातीचे गाडगेच डोक्यावर पालथे घातले आणि प्रतिष्ठेच्या संपूर्ण कल्पनेलाच उत्तर दिले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (1909-1968) यांच्या अनुयायांची भगवी टोपी आजही खेड्यांतील सामुदायिक प्रार्थनेत दिसते.

राजूर : एका गावातील अनेक टोप्या :

वणी तालुक्यातील राजूर हे कोळसा खाण आणि चुनाभट्ट्यांसाठी परिचित असलेले गाव आहे. हा प्रदेश पूर्वी 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई व 1905 मध्ये त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्राचा भूवैज्ञानिक अहवाल 1877 मध्येच प्रसिद्ध झाला होता. शेती आणि खाण ही दोन जगे येथे शेजारी नांदली. शेतकऱ्याचा दुपट्टा, भट्टीवरील मजुराने डोक्याला गुंडाळलेले फडके, वारकऱ्याची पांढरी टोपी, साहेबाची हॅट आणि खाणकामगाराचे दिवा लावलेले हेल्मेट ही सर्व शिरोवेष्टने खाणगावाच्या एकाच इतिहासाचे भाग आहेत.

साहेबाची 'सोला' हॅट सोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्यापासून बनत असे. उन्हापासून संरक्षण हा तिचा हेतू, परंतु ती सत्तेची खूणही झाली. खाणकामगाराचे हेल्मेट याच्या उलट आहे. ते अधिकाराची नव्हे, तर धोक्याची खूण आहे. कोळसा खाणींचे 1973 मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. त्या आधीच्या व नंतरच्या पिढीतील हेल्मेटे, दिवे आणि पट्टे ही कामगारांच्या सुरक्षिततेच्या इतिहासाची साधने आहेत. भंगाराच्या भावाने ती विकली गेल्यास हा पुरावा कायमचा नष्ट होईल.

संग्रह आणि खरेदीची तत्त्वे :

जुन्या वस्तूंच्या बाजारात, मग तो मुंबईचा चोर बाजार असो वा पुण्याचा जुना बाजार, वस्तू मिळते पण तिची हकिकत मिळत नाही. टोपी कोणाची, कोणी शिवली, कोणत्या प्रसंगी घातली ही माहिती तुटली की वस्तूचे ऐतिहासिक मूल्य निम्म्याने घटते. म्हणून कुटुंबाकडून वस्तू घेताना घरातील ज्येष्ठांची मुलाखत नोंदवणे हा खरेदीचाच भाग मानला पाहिजे. कुटुंबास वस्तू द्यायची नसल्यास छायाचित्र व मापे घेऊन ती त्यांच्याकडेच राहू द्यावी.

खरेपणा तपासताना शिलाई हाताची की यंत्राची, सूत हातकताईचे असल्यास त्यातील जाडी-बारीकपणा, अस्तर, घामाचा डाग आणि हॅटच्या आतील चामडी पट्टीवरील निर्मात्याचा शिक्का पाहावा. वस्तू मिळताच ती धुऊन स्वच्छ करण्याचा मोह टाळावा, कारण डाग हाही पुरावा असतो. साठवताना आत मऊ, आम्लविरहित कागद भरून आकार राखावा आणि उन्हापासून व दमटपणापासून दूर ठेवावे.

कायद्याचे भानही आवश्यक आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, 1972 नुसार किमान शंभर वर्षे जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, तिच्या व्यापारास परवाना लागतो व खासगी निर्यातीस मनाई आहे. असहकाराच्या प्रारंभीच्या टोप्यांनी आता ही शंभर वर्षांची मर्यादा ओलांडली आहे. दुसरीकडे, 2011 च्या आंदोलनातील 'मी अण्णा हजारे' असे छापलेली टोपी आज क्षुल्लक वाटते. सत्याग्रहीची टोपीही तिच्या काळात अशीच क्षुल्लक वाटली होती, हे येथे विसरता येत नाही.

निष्कर्ष :

1. संग्रहालयांतील शिरोवेष्टनांचा असमतोल हा वस्तूची रचना, किंमत आणि वापर यांतून निर्माण झाला आहे.
2. पगडीइतकेच पागोटे, दुपट्टा व हेल्मेट हे इतिहासाचे साधन आहे.
3. वस्तूसोबत तिची हकिकत नोंदवणे हे संग्रहाचे पहिले तत्त्व असावे.
4. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या घरांपासून अशी नोंदणी सुरू केल्यास अत्यल्प खर्चात मोलाचा संग्रह उभा राहू शकतो.

राजूरच्या एखाद्या घरातील लोखंडी पेटीत आजोबांची टोपी आणि खुंटीवर वडिलांचे हेल्मेट अद्याप असेल, तर त्या दोन वस्तूंमध्ये शेतीपासून खाणीपर्यंतचा एका कुटुंबाचा प्रवास साठलेला आहे. पुढची पिढी घर नव्याने बांधण्यापूर्वी त्याची नोंद होणे अगत्याचे आहे.