कार्ल्याचे खांब आणि कोसंबींचा तराजू

मळवली स्टेशनावर उतरले की उत्तरेला कार्ल्याचा डोंगर आणि दक्षिणेला भाजे. कार्ल्याची पायऱ्यांची वाट चढणारे बहुतेक लोक एकवीरेच्या दर्शनाला निघालेले असतात. शेजारच्या चैत्यगृहात ते डोकावतात, फोटो काढतात आणि बाहेर पडतात. खांबांवर कोरलेल्या ब्राह्मी अक्षरांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या लेखांतल्या बऱ्याच ओळींचा साचा एकच आहे : दाता कुठला, तो कोण, त्याचे नाव काय आणि त्याने काय दिले. धेनुकाकटचा यवन सिहधय याने खांब दिला. सोपाऱ्याचा भिक्षू सातिमित यानेही खांब दिला. धेनुकाकटचाच सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त याने दरवाजा दिला.

विद्यापीठात डेटाबेस शिकणाऱ्या मुलाला हा साचा लगेच ओळखता येईल. गाव, समूह, नाव, दान असे चार रकाने आणि प्रत्येक खांब म्हणजे एक नोंद. याच लेण्यातल्या सातवाहनकालीन आज्ञालेखात या मुलखाचा उल्लेख ‘मामाल’ असा येतो. ‘मावळ’ हे नाव त्यावरूनच आले असे मानले जाते. म्हणजे मावळाला आपले नाव आणि आपली नोंदवही एकाच डोंगरात मिळाली आहे.

या नोंदवहीकडे वेगळ्या नजरेने पाहणाऱ्यांत एक गणिती होता. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले. बनारस आणि अलीगढ येथे काही काळ काढून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १९४५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेल्यावरही त्यांनी पुण्यातले घर सोडले नाही. डेक्कन क्वीनने ते जा-ये करत. दोन्ही वेळी गाडी मावळातून जाई आणि कार्ले, भाजे, लोहगड, विसापूर खिडकीतून सरकत जात.

संख्याशास्त्र त्यांना कोणी वर्गात शिकवले नव्हते. ते त्यांनी स्वतः, हाताशी असलेल्या सामग्रीवर शिकून घेतले. त्यांच्या पहिल्या उद्योगांपैकी एक म्हणजे विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांचे विश्लेषण. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरण्यात योगायोगाचा वाटा केवढा मोठा आहे, हे त्यातून त्यांच्या लक्षात आले. आपल्याच विद्यापीठीय व्यवस्थेचे माप आकड्यांनी काढणारा हा प्राध्यापक मग आहत नाण्यांकडे वळला.

आहत नाणी म्हणजे चांदीच्या तुकड्यांवर ठशांनी चिन्हे उमटवलेली प्राचीन नाणी. त्यांच्यावर ना राजाचे नाव, ना साल. मग त्यांचा क्रम लावायचा कसा? कोसंबींची वाट सरळ होती. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. त्यामुळे जास्त काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन कमी होते आणि एकाच प्रकारच्या नाण्यांच्या वजनांमधली तफावत वाढत जाते. हे पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळच्या चलनातली हजारो नाणी एकेक करून तराजूत घातली. नंतर तक्षशिलेच्या नाणेसंचांना तीच कसोटी लावली. ज्या नाण्याच्या मागच्या बाजूला लहान ठसे अधिक, त्याचे वजन कमी, असे त्यांना आढळले. हे ठसे व्यापाऱ्यांनी वेळोवेळी केलेल्या तपासणीच्या खुणा असावेत, असा अर्थ त्यांनी लावला. पुढे नाणेशास्त्रज्ञांनी त्यांच्या काही निष्कर्षांवर आक्षेप घेतले. तरी इतिहासाचे साधन मोजताही येते, हा धडा पक्का झाला.

हीच सवय घेऊन ते कार्ल्याला आले. १९५५ साली त्यांनी धेनुकाकटवर स्वतंत्र निबंध लिहिला. लेखांमध्ये हे गाव पुन्हा पुन्हा येते. तिथले यवन येतात, व्यापारी येतात, व्यापाऱ्यांचा संघही येतो. एखाद्या दूरच्या गावाची इतकी माणसे इथे दान का करतील? ही वस्ती कार्ल्याजवळच असली पाहिजे, असे कोसंबींचे मत झाले. इतर अभ्यासकांनी ती अन्यत्र शोधली आणि वाद मिटलेला नाही. पण लेणी घाटाच्या माथ्याशी, कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटेवर का आहेत, या प्रश्नाचे उत्तर दात्यांच्या यादीतून मिळू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यासाठी ते मावळात पायी हिंडले. देवीची ठाणी, जत्रांच्या वाटा आणि गारगोटीची सूक्ष्म हत्यारे यांच्या नोंदी त्यांनी केल्या. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हे त्यांचे १९६२ चे पुस्तक या भटकंतीवर उभे आहे.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कोसंबींनी रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता संभाव्यतेच्या मार्गाने दिल्याचा दावा केला. तो टिकला नाही आणि गणिती वर्तुळात त्यांच्या नावाला धक्का बसला. १९६२ साली टाटा संस्थेतला त्यांचा करार पुढे चालू राहिला नाही. नाणी का झिजतात हे त्यांना हाताने उमगले होते, म्हणून तिथल्या आकड्यांना आधार होता. मूळ संख्या तराजूत घालता येत नाहीत.

आज लोणावळ्याजवळ आणि तळेगाव दाभाडे भागात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. लोकलने येणारी मुले डेटाबेस आणि डेटा विश्लेषण शिकतात. प्रचंड माहितीतून मोजके महत्त्वाचे घटक वेगळे काढण्याची जी पद्धत त्यांच्या अभ्यासक्रमात असते, तिचे एक व्यापक रूप कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने ओळखले जाते. कोसंबींनी ते १९४३ साली, पुण्यात शिकवत असतानाच, प्रसिद्ध केले होते. जनुकशास्त्रात वापरले जाणारे त्यांचे सूत्र तर आजही त्यांच्याच नावाने चालते. ही नावे मुलांना ठाऊक नसली तरी परीक्षेत काही अडत नाही. अडते ते पुढे.

कार्ल्याच्या लेखांचा तक्ता संगणकात भरायचा झाला, तर ‘यवन’ या रकान्याशी हात थांबतो. यवन म्हणजे ग्रीक म्हणावे, तर सिहधय, धम्म ही नावे इथल्या मातीतली. मग हे धर्मांतरित ग्रीक होते, त्यांचे वंशज होते, की परदेशी व्यापाराशी जोडलेल्या कोणालाही ‘यवन’ म्हणत? एकेका उत्तराबरोबर तक्त्याची बेरीज बदलते आणि मावळाचा इतिहासही. हा निर्णय कोणतीही आज्ञावली घेत नाही. तो घेणाऱ्याला ब्राह्मी वाचणाऱ्याशी, घाटाच्या वाटा जाणणाऱ्याशी बोलावे लागते आणि निदान एकदा तरी एकवीरेच्या पायऱ्या चढून खांबाजवळ उभे राहावे लागते. कॉलेजपासून ते अंतर फार नाही.